खड्ड्यांवर दीड पान, खडकावर एक ओळ

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी १६ वर्षांची आहे. शाळकरी मुलांसाठी शनिवारी भरणाऱ्या एकदिवसीय निसर्ग शिबिरांत ती स्वयंसेवक म्हणून जाते. आठ ते दहा वर्षांची बारा मुलं आणि त्यांच्यासोबत ती आणि तिच्याहून वर्षभराने मोठा एक मुलगा, असा तिचा गट. संयोजक आणि शाळेचे शिक्षक आसपास असतात. जाण्याआधी ती पानंच्या पानं टिपणं काढते. गेल्या वेळी एका मुलाने झाडाखालच्या कोरड्या मातीतले नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दाखवून विचारलं, "ताई, हे कुणी केलं?" तिला माहीत नव्हतं. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिने "मुंग्यांची घरं आहेत" असं ठोकून दिलं. त्याने ते वहीत लिहून घेतलं. घरी येऊन शोधल्यावर कळलं, की ते मुंग्या खाणाऱ्या किड्याचे सापळे होते. गटातली एक मुलगी मातीला हातच लावत नाही, दिवसभर बोलत नाही. तेही आपलंच अपयश, असं तिला वाटतं. पत्रात मध्येच एक ओळ आहे: जोडीदाराने मुलांना ओढ्यातल्या शेवाळलेल्या खडकावर चढू दिलं, एकीचा पाय घसरला, पण लागलं नाही. शेवटी ती विचारते, "अर्धवट माहिती असलेल्या आमच्यासारख्या मुलांनी हे काम करावं का? मी बाजूला होऊन एखाद्या जाणकार मोठ्या माणसाला जागा द्यावी, हेच बरं ना?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्यासारखीच मीही त्या खड्ड्यांपाशी अडकले. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की खड्ड्यांवर तू दीड पान लिहिलं आहेस आणि खडकावर फक्त एक ओळ. मला त्या एका ओळीबद्दल जास्त बोलायचं आहे. पण तुझा जीव खड्ड्यांपाशी घुटमळतोय, तर आधी तेच घेऊ.

तू चुकीचं उत्तर दिलंस हे खरं. पण चूक नेमकी कुठे झाली? तुला तो किडा माहीत नव्हता ही चूक नाही. कितीतरी शिकलेल्या माणसांनाही तो माहीत नसतो. चूक झाली ती "माहीत नाही" हे दोन शब्द गिळण्यात. आणि ते का गिळलेस, याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे: "मी ताई होते ना." ताईला सगळं आलंच पाहिजे, ही तुझी समजूत. मला तिच्याशीच जरा वाद घालायचा आहे.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे मद्रासच्या एका अनाथाश्रमातली शाळा होती. वाळूत बोटाने अक्षरं गिरवून घेण्याची पद्धत त्याला आवडली, पण त्याच्या शिक्षकांना ती पटेना. मग त्याने ते काम मोठ्या मुलांवर सोपवलं आणि ते चाललं. १७९७ मध्ये त्याने त्यावर पुस्तिका लिहिली आणि ही पद्धत देशोदेशीच्या शाळांत पसरली. पण पुढे ती बदनामही झाली. कारण थोरल्याने पाठ केलेलं धाकट्याला पाठ करायला लावायचं, एवढंच तिच्यात उरलं. थोरला म्हणजे नुसता निरोप्या. तू टिपणांची वही घेऊन जातेस तेव्हा नकळत अशीच निरोप्या होतेस. निरोप्याची पंचाईत अशी, की वहीत नसलेला प्रश्न आला की त्याच्या हाती काहीच नसतं.

बाहेरच्या शिबिरात तुझं काम वेगळं आहे. तिथे मुलांना तुझ्याकडून माहिती कमी आणि धिटाई जास्त हवी असते. मोठा माणूस वाकून मातीत बघतो तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला वाटतं, असेल त्याचं काही काम. १६ वर्षांची ताई गुडघे टेकून, केस मागे सारून, नाक जमिनीपर्यंत नेऊन बघते तेव्हा त्याला वाटतं, हे मलाही करता येईल. तू त्याच्यापासून सहासात वर्षांच्या अंतरावर आहेस, आम्ही तीसचाळीस. ही जवळीक कुठल्याही जाणकाराला मिळवता येत नाही. म्हणून "मोठी माणसं मिळत नाहीत तोवर मुलं चालवून घ्यायची" असा हा प्रकार नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पाचवी-सहावीची मुलं 'आउटडोअर स्कूल'ला जातात. तिथे हायस्कूलचे विद्यार्थी रीतसर प्रशिक्षण घेऊन त्यांचे गट सांभाळतात, आणि हे कितीतरी दशकं चाललं आहे. २०१६ मध्ये तिथल्या मतदारांनी या शाळांसाठी लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा मंजूर केला. मात्र तिथेही त्या मुलांच्या पाठीशी प्रशिक्षित मोठी माणसं असतात. तेव्हा 'मुलं की जाणकार' असा निवाडा करायचाच नाही. दोघंही लागतात, आणि कुणी काय करायचं हे आधी ठरलेलं लागतं.

आता ते खड्डे. तू घरी येऊन शोधलंस, म्हणजे नाव तुला कळलं आहेच: मुंगीसिंह. पण नाव कळलं म्हणजे किडा कळला, असं समजू नकोस. पुढच्या शनिवारी मुलांच्या आधी अर्धा तास जा आणि एका खड्ड्यापाशी एकटीच बस. कडेची वाळू बघ. ती इतक्या तिरक्या उतारावर थांबलेली असते, की एखादा कण सरकला तरी भोवतालचे कण खाली घरंगळतात. तळाशी काहीच दिसत नाही. नीट बघितलंस तर कधीकधी विळ्यासारखे दोन बारीक जबडे वाळूतून जेमतेम वर आलेले दिसतील. बाकीचा किडा खाली गाडून बसलेला असतो. मुंगी काठावर आली की तिच्या पायाखालची वाळू सुटते. ती वर चढू लागली की तळातून वाळूचा फवारा उडतो: किडा आपल्या चपट्या डोक्याने वाळू उडवतो, आणि उतार आणखी ढासळतो. खड्डा खणतानाही तो मागे मागे सरकत, गोल फिरत, याच डोक्याने वाळू बाहेर फेकत असतो. हा सगळा उद्योग करणारी ती अळी आहे. मोठी झाली की ती कोश विणते आणि त्यातून नाजूक, चतुरासारखा दिसणारा पंखवाला कीटक बाहेर पडतो. आणखी एक गोष्ट मुलांना हमखास आवडते: अळीपणीच्या सगळ्या काळात या किड्याला शी करायला वाटच नसते. आतली घाण साठून राहते आणि पंख फुटल्यावरच बाहेर पडते. हे ऐकून मुलं हसून लोळतील, आणि जन्मात विसरणार नाहीत.

मग त्या मुलाला गाठ. सगळ्यांदेखत. तुझं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं, तर दुरुस्तीही सगळ्यांनी ऐकायला हवी. लांबलचक माफी मागत बसू नकोस, मुलं गोंधळतात. एवढं पुरे: "मागच्या वेळी मी म्हणाले ती मुंग्यांची घरं आहेत. मला माहीत नव्हतं आणि मी अंदाज ठोकून दिला. घरी जाऊन शोधलं. ते चुकीचं निघालं. चल, दाखवते." त्याला वहीतलं जुनं वाक्य खोडायला लावू नकोस. खाली नवं लिहू दे, तारीख घालून. आधी काय वाटलं होतं, मग काय दिसलं, हे दोन्ही त्याच्या वहीत राहू दे.

एक सावधगिरी मात्र घे. किडा दाखवला की कुणीतरी मुंगी पकडून आत टाकायला धावणारच. ते आधीच थांबव. "आपण बघायला आलोय, मुंगी स्वतः येते का पाहू" असं सांग आणि पाच मिनिटं बसव. नाही आली तर नाही आली. मुंगीची वाट बघणं त्यांनी कधी केलेलं नसतं.

"माहीत नाही" म्हणायचीही एक रीत आहे. नुसतं "माहीत नाही" म्हणून पुढे चालू लागलीस तर दार बंद होतं. त्यामागे लगेच एक प्रश्न जोड. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स या संस्थेचा मैदानी विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम आहे. त्यात मुलांना कुठल्याही वस्तूपाशी तीन वाक्यं पुरी करायला सांगतात. आपल्या बोलीत ती अशी होतील: मला काय दिसतंय, मला काय प्रश्न पडलाय, हे मला कशासारखं वाटतंय. तुझ्या त्या मुलाला तू विचारलं असतंस, "तुला काय दिसतंय?" तर तो म्हणाला असता, गोल आहे, आत काही नाही, सगळे खड्डे झाडाखालीच आहेत, पाऊस लागत नाही अशा जागी. बघ, म्हणजे अर्धं उत्तर त्याच्या तोंडून आलं असतं आणि तुला किड्याचं नाव माहीत असण्याची गरजच पडली नसती. या पद्धतीने काम करायला एक तासाचा सरावही पुरतो. तुझ्या संयोजकांना सांगून पुढच्या शिबिराआधी सगळ्या स्वयंसेवकांनी मिळून एकदा करून बघा.

टिपणं काढणं सोडू नकोस, पण ती घरी ठेव. सोबत सुतळीचा एक तुकडा, दोन भिंगं आणि कोरी पानं घे. सुतळीचं हातभर रुंदीचं वेटोळं जमिनीवर टाक आणि दोघादोघांच्या जोडीला दहा मिनिटांत त्यात जेवढ्या प्रकारच्या गोष्टी सापडतील तेवढ्या मोजायला सांग. भिंग कसं धरायचं हे आधी दाखव. जवळजवळ सगळी मुलं भिंग वस्तूजवळ धरतात आणि आपण लांबून बघतात. छोटं भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं आणि पान किंवा दगड हळूहळू वर आणायचा, स्पष्ट दिसेपर्यंत. पहिल्यांदा पानाच्या शिरा अशा समोर आल्या की मुलं "ओह" म्हणतात. तो आवाज ऐकायला मी अजूनही शिबिरांना जाते. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, हे मात्र दर वेळी सांगायचं, कारण त्याच्याखाली कुणीतरी राहत असतं.

तुझ्या गप्प मुलीबद्दल तू लिहिलंस, "ती मातीला हात लावत नाही म्हणजे मी कमी पडले." असं कसं? ती दर वेळी येते ना? मग तिला काहीतरी आवडत असणार. काही मुलांना ओलसर, चिकट, वळवळणारं काही हाताला लागलेलं सहन होत नाही. काहींना कपडे मळले तर घरी ओरडा मिळतो. काहींना अनोळखी मुलांतच बुजायला होतं. तिला "अगं काही होत नाही, धर" असं चुकूनही म्हणू नकोस, आणि बाकीच्यांनाही म्हणू देऊ नकोस. तिला काम दे. घड्याळ तिच्याकडे, दहा मिनिटं झाली की तिने शिट्टी वाजवायची. किंवा सगळ्यांची मोजणी तिने लिहायची. तिच्याशी बोलताना समोर उभी राहू नकोस; शेजारी बसून दोघी मिळून तिसऱ्याच गोष्टीकडे बघा. बोलली तर बोलली. माझ्या ओळखीचा एक मुलगा तीन शिबिरं एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या आईकडून नंतर कळलं, की घरी तो रात्रीच्या जेवणापर्यंत शिबिराशिवाय दुसरं काही बोलायचाच नाही.

आता खडक.

तू लिहिलंस, "त्याने चढू दिलं." तू तिथे होतीस. तुला ते धोक्याचं वाटलं होतं का? वाटलं नसतं तर ती ओळ पत्रात आलीच नसती. मग तू गप्प का बसलीस? मला वाटतं, ज्या कारणाने खड्ड्यांचं खोटं उत्तर दिलंस त्याच कारणाने. तिथे मुलांसमोर अडाणी दिसायचं नव्हतं, इथे जोडीदारासमोर भित्री दिसायचं नव्हतं. पण दोन्हींची किंमत सारखी नाही. किड्याचं नाव चुकलं तर आठवड्याने सुधारता येतं. ओल्या खडकावर डोकं आपटलं तर नाही.

यात मी तुला एकटीला दोष देत नाही, कारण हे तुमच्या वयाशी जोडलेलं आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी ३०६ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला: सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे दामटायचं? काहींना एकट्याने खेळायला लावलं, काहींना बरोबरीची मुलंमाणसं शेजारी बसवून. बरोबरीचं कुणी बघत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी बराच जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांवर त्याचा फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुम्ही दोघं एकेकटे समजूतदार असाल, पण एकमेकांसमोर थोडे कमी समजूतदार होता. हे एकदा कळलं की त्यावर इलाज आधीच, शांत डोक्याने, करून ठेवता येतो.

इलाज असा. शिबिराच्या सकाळी जोडीदाराबरोबर एकच नियम ठरव: दोघांपैकी कुणीही "थांब" म्हटलं की ती गोष्ट लगेच थांबते. का, कशाला, हे मुलं गेल्यावर. मग भित्रं कोण हा प्रश्नच उरत नाही. ठरलेला शब्द उच्चारला, एवढंच. आणि पाणी, उंची, आग, रस्ता, हे चार प्रकार तुमच्या निर्णयाचेच नाहीत. तिथे मोठ्या माणसाला बोलवायचं, तो येईपर्यंत मुलांना बसवून ठेवायचं. याला कमीपणा समजू नकोस. खरं तर "आसपास असतात" हे तू संयोजक आणि शिक्षकांबद्दल लिहिलंस, ते मला खटकलं. आसपास म्हणजे कुठे? हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, आणि शक्यतो नजरेच्या टप्प्यात, हवेत. ओढ्याकाठी बारा मुलं आणि दोन अल्पवयीन स्वयंसेवक, तिसरं मोठं माणूस नाही, हे बरोबर नाही. ही जबाबदारी तुझी नव्हे, त्यांची आहे. पण त्यांना ते सांगणं तुझ्या हातात आहे. खडकाची गोष्ट संयोजकांना याच आठवड्यात सांग. जोडीदाराची चहाडी केल्यासारखं वाटेल, म्हणून आधी त्याला सांग की मी सांगणार आहे, आणि जमलं तर दोघं मिळून जा. पाय घसरलेल्या मुलीच्या घरी कळवायचं का, कसं, हे संयोजकांनी ठरवायचं.

या बाबतीत "माहीत नाही" चालत नाही, म्हणून काही गोष्टी तुला पाठच हव्यात. इथे निरोप्या हो, माझी हरकत नाही. जागा बदलली की दर वेळी डोकी मोजायची: निघताना, पोचल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर. मोठ्याने मोजायची, दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडा जुळवायचा. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे; शिबिर तिथेच थांबवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, एकट्या झाडाखाली अजिबात नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मधमाश्या उठल्या तर हात झाडत उभं राहायचं नाही. तोंड झाकून मुलांना घेऊन लांब पळायचं. उन्हात एखादं मूल अचानक गप्प झालं, डोकं दुखतंय म्हणालं, मळमळतंय म्हणालं, तर "थोडं चाल, बरं वाटेल" नाही. सावली, पाणी आणि लगेच मोठा माणूस. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, कुणाचं औषध कुणाजवळ आहे, हे निघण्याआधी विचारून घ्यायचं.

आणखी दोन गोष्टी, ज्या स्वयंसेवकांना फारसं कुणी सांगत नाही. एकट्या मुलाला घेऊन सगळ्यांच्या नजरेआड कधी जायचं नाही, लघवीला न्यायचं असलं तरी जोडीने आणि मोठ्यांना सांगून. आणि एखाद्या मुलाने विश्वासाने घरचं काही दुखरं सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "तू मला सांगितलंस हे बरं केलंस, आता यात मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला आपण सांगू" असं म्हणायचं आणि त्याच दिवशी सांगायचं. ताई जवळची असते म्हणून मुलं तिला सांगतात. एकटीने ते ओझं वाहणं तुझ्या वयाला झेपणारं नाही, आणि त्यातून मुलालाही मदत मिळत नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, सोडावं का? अभ्यासामुळे, दमल्यामुळे किंवा आता नकोसं झालं म्हणून सोडायचं असेल तर खुशाल सोड. दोन शिबिरं आधी सांग आणि नवीन स्वयंसेवकाला तुझ्या गटाची नीट ओळख करून दे. पण "मला पुरेसं येत नाही" या कारणासाठी आत्ता सोडू नकोस. निदान ती दुरुस्ती होईपर्यंत तरी नाही. त्या मुलाच्या वहीतलं वाक्य तुझं आहे, दुसरं कुणी येऊन ते बदलणार नाही. आणि संयोजकांशी बोलल्यावर त्यांनी खडकाची गोष्ट हसण्यावारी नेली, "काही झालं तर नाही ना" म्हणून टोलवली, तर मात्र माझं उत्तर बदलेल. तिथून बाहेर पड, आणि का बाहेर पडतेस हे घरच्यांना आणि शाळेला स्पष्ट सांग.

शनिवारी लवकर जाशील तेव्हा सकाळचं तिरकं ऊन असताना बघ. सावलीमुळे खड्डे लांबूनही उठून दिसतात. किती आहेत ते मोजून ठेव, पण मुलांना आकडा सांगू नकोस. त्यांना मोजू दे.

तुझी ताई